दवात ठेवलेली गोळी

प्रोविदेन्सियाने गोळ्यांची बाटली काउंटरवर आदळली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि दोघांचेही कान चांगले तिखट होते.

"कोमाय, तुझ्या गोळ्या खडूच्या आहेत," ती म्हणाली.

कोमाय म्हणजे नुसती मैत्रीण नव्हे. तिच्या नेरेइदाला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी मी हातावर धरलं होतं. तेव्हापासून मी त्या पोरीची माद्रिना, म्हणजे देवासमोरची दुसरी आई, आणि प्रोवी नि मी एकमेकींच्या कोमाय. हे नातं रक्ताचं नसलं तरी भांडायचा हक्क रक्ताच्या नात्याइतकाच देतं, आणि प्रोवीने तो कधी वाया घालवला नाही.

"खडूच्या? बाई गं, जरा बाहेर जाऊन पाटी वाच. लिसेन्सियादा इलुमिनादा, पदवीधर औषधवाली, असं लिहिलंय तिथे. खडूवाली नाही लिहिलेलं. माझ्या दुकानात खडू असतो तो भाव लिहायला."

"मग पोरीचा घसा परत का धरला?"

गिऱ्हाइकांना मी उद्या या म्हणून सांगितलं. ती नाइलाजाने गेली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या एल मांगले गावात माझ्या खडूची बातमी पोहोचणार हे मला कळून चुकलं.

आदल्या वर्षी नेरेइदाला सांध्याचा ताप आला होता. आधी साधा घसा दुखला, मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मनगटं सुजली, आणि मग त्या तापाने छातीला हात घातला. तो ताप असाच असतो. सांध्यांना चाटून जातो आणि काळजाला चावतो. त्या खेपेला पोर थोडक्यात निभावली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सालदान्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदयाच्या झडपेवर ओरखडा आलाय, पुन्हा हा ताप आला तर झडप कायमची जाईल. म्हणून घशात ते जंतू पुन्हा घरच करू नयेत यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिनची गोळी, एक दिवसही न चुकता, पोर मोठी होईपर्यंत.

आणि आता गोळ्या चालू असताना घसा धरला होता.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"तिथूनच येतेय." प्रोवीचा आवाज एकदम बसला. "परवा घशात काडी फिरवून काचेच्या ताटलीत घासली होती. आज मला आदराचं दोन्या लावून म्हणाले, दोन्या प्रोविदेन्सिया, तुम्ही गोळ्या देत नाही. मी म्हटलं, देते. म्हणाले, गोळ्या घेणाऱ्या मुलाच्या घशात हे जंतू सापडत नाहीत, तुम्ही खोटं बोलता. सगळ्यांसमोर, कोमाय! त्या बाकावर बसलेल्या झाडून साऱ्या बायांसमोर. गुरुवारी गाडी येणार म्हणे, तिला सान हुआनच्या मोठ्या इस्पितळात न्यायला. तिथे महिनोन्महिने खाटेवर ठेवतात पोरांना, आणि आईला फक्त रविवारी भेटू देतात."

"त्यांनी इथेच सुई का नाही टोचली?"

"सुई? माझ्या पोरीला?"

मी विषय सोडून दिला. प्रोवीच्या धाकट्या बहिणीला एकदा पेनिसिलिनची सुई दिली आणि घटकाभरात तिचं अंग गांधीलमाश्यांनी फोडल्यासारखं सुजलं, श्वास कोंडला. मरता मरता वाचली. मी त्याला औषध अंगावर उठणं म्हणते. प्रोवी म्हणते, सुईतली उष्णता बाहेर पडली. नाव काही द्या, ज्याने ते डोळ्यांनी पाहिलंय त्याला सुईचं नाव काढलेलं सोसत नाही.

"तू खरंच देतेस ना गं गोळ्या?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

प्रोवीने बाटली उचलली. "तूसुद्धा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मला राग आला. तिचा आला, डॉक्टरांचा आला, माझा तर सगळ्यांत जास्त आला. राग आला की मला स्वस्थ बसवत नाही. दुकान लवकर बंद केलं आणि त्यांच्या घरी जायला निघाले. खडू की काय ते तिथेच बघू म्हटलं.

प्रोवीचं घर खाजणाच्या कडेला आहे. तिचा नवरा फिदेन्सिओ उसाच्या हंगामात कोयता चालवतो आणि बाकीच्या दिवसांत खेकडे धरतो. अंगणात खेकड्यांच्या लाकडी सापळ्यांची ही चळत. नेरेइदा ओसरीवर गळ्याला फडकं गुंडाळून बसली होती.

"आशीर्वाद, माद्रिना," तिने घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"देव भलं करो, पोरी. गिळता येतंय का?"

"भात नाही येत. आइस्क्रीम येईल बहुतेक."

दहा वर्षांची पोर, अंगात ताप, तरी डोकं कसं चाललंय बघा. मी तिचं कपाळ चाचपलं आणि आत गेले.

प्रोवी माझ्याशी बोलली नाही. पण माझ्यासमोर, मुद्दाम माझ्यासमोर, तिने सगळं करून दाखवलं. फळीवरून एक छोटा खलबत्ता काढला. लसणीचा वेगळा होता, हा फक्त औषधाचा, कारण लसूण उष्ण. दुसऱ्या दिवशीच्या दोन गोळ्या त्यात अशा बारीक कुटल्या की कणही राहिला नाही. मग चिंचेचं दाट सरबत गाळलं, त्यात ती भुकटी ढवळली, वर मलमलीचं फडकं बांधलं आणि तो चंबू उगवतीच्या खिडकीबाहेर फळीवर ठेवला.

"तिथे कशाला?" मी विचारलं.

"दवात. कशाला म्हणजे? आम्ही काय रानटी आहोत, औषध तसंच्या तसं पोरीच्या घशात कोंबायला? गोळी उष्ण असते, कोमाय. चिंच थंड. आणि रात्रीचं दव पडलं की उरलीसुरली उष्णता निघून जाते. सकाळी अर्धं देते, संध्याकाळी अर्धं. वर्ष झालं, एक दिवस चुकले नाही. माझी आई वारली त्या दिवशीसुद्धा चुकले नाही."

मी फडक्याची कड उचलून वास घेतला.

हसू नका. आमच्याकडे सगळंच उष्ण किंवा थंड असतं. कॉफी उष्ण, कोंबडी थंड, कोको उष्ण, जव थंड. आणि औषध दवात ठेवून थंड करायचं हे माझ्या आजीनेही केलंय. प्रोवीने शास्त्र सोडून काही केलं नव्हतं. तिने दोन्ही शास्त्रं जिवापाड पाळली होती, आणि त्या पाळण्यातच गोळी मरत होती. रोज रात्री, त्या फळीवर, फडक्याखाली.

"प्रोवी," मी म्हणाले, "पेनिसिलिनला आंबट चालत नाही गं."

"का? तिला काय बाळंतपण झालंय?"

मी तिचा हात धरून तिला अंगणात आणलं. फिदेन्सिओ सापळे मांडत होता. खेकड्याचा सापळा म्हणजे लाकडी पेटी. तिचं दार वर उचलून दोरीने ताणून धरायचं, दोरीचं टोक आत आमिषाच्या खिळ्याला अडकवायचं. खेकड्याने आमिष ओढलं की दार खाली.

"हे बघ," मी म्हणाले. "पेनिसिलिनच्या एका कणात दोन कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. एक पाच कोपऱ्यांची, तिच्यात एक गंधकाचा अणू. ती आरामात बसलेली असते. दुसरी चार कोपऱ्यांची. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन, चौघांनी ओढूनताणून एकमेकांचे हात धरलेले. एवढ्या लहान चौकोनात त्यांना अवघडतं, सारखं वाटतं सुटावं. आमचे प्राध्यापक सांगायचे, क्ष-किरणांनी स्फटिकात डोकावून पाहीपर्यंत मोठमोठे लोक म्हणत होते की असला चौकोन असूच शकत नाही. पण आहे. आणि सगळी ताकद त्या ताणात आहे."

"कोमाय, भात करपेल."

"करपू दे. जंतूला जगायला अंगाभोवती भिंत लागते. ती बांधणारा कामगार त्याच्या अंगातच असतो. हा चौकोन त्या कामगाराला आपल्या विटेसारखा दिसतो. त्याने हात घातला की चौकोन फटकन उघडतो आणि त्याच्या हाताला असा चिकटतो की परत सुटत नाही. काम बंद. भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटून मरतो. माणसाच्या शरीराला असली भिंतच नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही."

मग मी फिदेन्सिओने नुकत्याच मांडलेल्या सापळ्याला पायाने धक्का दिला. दार धाडकन पडलं.

"अहो कोमाय!" फिदेन्सिओ ओरडला.

"आता यात खेकडा येईल का?"

"आता कसा येईल? दार पडलं की."

"पेटी तीच आहे ना? लाकूड तेच, खिळा तोच, वजन तेच?"

"असेना. पडला तो सापळा."

"तेच म्हणतेय मी. आंबटाने तो चौकोन आधीच उघडतो. रात्रभर चिंचेत राहिली की गोळीतला एकूण एक सापळा पडलेला. सकाळी पोरीच्या पोटात जाते ती नुसती पेटी."

फिदेन्सिओला पटलेलं मला दिसलं. पण प्रोवी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"झालं तुझं खेकड्यांचं? आता माझं ऐक. पहिल्या आठवड्यात मी गोळी साध्या पाण्यातून दिली होती. पोरीला जुलाब लागले, तोंड आतून सोलून निघालं. ही उष्णता नाही तर काय? चिंचेतून द्यायला लागले आणि सगळं थांबलं. बोल."

जुलाब थांबले कारण औषधच थांबलं होतं. पण हे सांगायला माझी जीभ रेटेना. आणि जुलाब खोटे नव्हते, तोंडही खोटं नव्हतं. पेनिसिलिनने काहींना होतं तसं. डॉक्टरांना ही गोष्ट प्रोवीने का सांगितली नाही असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी कुठे विचारलं? ते फक्त विचारतात, दिली का. मी म्हणते, दिली."

"तुला डोळ्यांनी दाखवलं तर मानशील?" मी म्हणाले.

"डोळ्यांनी दाखव. खेकडे नको."

सकाळी दव सुकायच्या आत मी तो चंबू फडक्यासकट आणि गोळ्यांची बाटली उचलून आरोग्य केंद्रात नेला. डॉक्टर सालदान्या तरुण होते, कष्टाळू होते, आणि नाकावर माशी बसू देत नसत. त्यांच्या बोलण्यात कायम एक हवालदार बसलेला असायचा. त्यांनी माझी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "लिसेन्सियादा, तुम्ही नात्यातल्या. तुम्ही गेलात म्हणून तिने करून दाखवलं असेल."

"डॉक्टर, खोटं बोलणारी बाई म्हणेल की पाण्यातून देते. दवाचं आणि चिंचेचं एवढं लांबण लावून कोण खोटं बोलेल?"

त्यांनी चंबूचं फडकं सोडून आत पाहिलं.

"तुमच्याकडे नेरेइदाच्या घशातले जंतू वाढताहेत ना? एक ताजी ताटली द्या. तिच्यावर ते पसरा, आणि मी सांगते तसे तीन थेंब ठेवू. उद्या सकाळी बघू. मी चुकले तर गाडीत पोरीला मी स्वतः बसवीन."

ताटल्या हा डॉक्टरांचा जीव की प्राण. रक्त घालून थिजवलेला तो लालभडक थर ते स्वतः ओतत, कुणाला हात लावू देत नसत. मोह आवरला नाही त्यांना. काडीने जंतू सारवले. मग मी थेंब ठेवले. पहिला, चंबूतल्या सरबताचा. आंबटानेच जंतू मेले असं उद्या कुणी म्हणायला नको म्हणून चिमटीभर सोडा घालून त्याचा आंबटपणा आधी मारला. दुसरा, त्याच बाटलीतली गोळी त्यांच्यासमोर जवाच्या पाण्यात विरघळवून, ताजा. तिसरा, नुसत्या जवाच्या पाण्याचा.

"जव का?" त्यांनी विचारलं.

"कारण जव थंड असतात," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चार वर्षांचं माझं शिक्षण फुकट गेलं असावं.

त्या दिवशी दुकानात माझं लक्ष लागलं नाही. खोकल्याच्या औषधाऐवजी एकाला केसांचं तेल देत होते, त्यानेच थांबवलं. मला भीती एकच होती. घसा धरून पाच दिवस होऊन गेले होते. घसा धरल्यापासून आठवडाभराच्या आसपास जंतू मारले तर सांध्याचा ताप टळतो. नंतर जंतू मेले तरी ताप यायचा तो येतो. म्हणजे भांडायला वेळ नव्हता, आणि आमच्याकडे भांडण सोडून दुसरं काही चाललेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी केंद्रापुढे गाडी उभी होती. प्रोवी नेरेइदाला घेऊन आली होती. पोरीला रविवारचा फ्रॉक घातलेला, हातात कपड्यांचं गाठोडं. फिदेन्सिओ टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा. पोर रडत नव्हती, फक्त आईचा स्कर्ट मुठीत धरून होती आणि मूठ सोडत नव्हती.

डॉक्टर आतून आले. हातात ताटली होती. चेहऱ्यावरून काही कळेना.

"दोन्या प्रोविदेन्सिया, इकडे उजेडात या."

त्यांनी ताटली खिडकीशी धरली. सगळीकडे बारीक बारीक ठिपके दाट उगवले होते, तेच ते जंतू. मधल्या, ताज्या गोळीच्या थेंबाभोवती मात्र चांगलं नाण्याएवढं वर्तुळ स्वच्छ होतं. एक ठिपका नाही. बाजूला नुसत्या जवाच्या पाण्याचा थेंब होता तिथे ठिपके जसेच्या तसे. आणि चिंचेच्या थेंबाच्या जागी...

"हा माझा?" प्रोवीने विचारलं.

"हा तुमचा."

चिंचेच्या थेंबावरही ठिपके होते. थेट थेंबात, काठाकाठाने, कुणी अडवलंच नसल्यासारखे.

प्रोवी बराच वेळ बघत राहिली. ती हुशार बाई आहे, तिला खेकड्याची गरज नव्हती. मग ती खाली बसली आणि पदर नसतो आमच्यात, म्हणून स्कर्टचा घोळ तोंडाशी धरून रडली. "मी रोज हेच दिलं तिला," ती म्हणत होती. "रोज. उठून आधी तेच. देवाला हात जोडायच्या आधी."

मी पण रडले, सांगायला लाज कसली. मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "कोमाय, निष्काळजी बाई असती ना, तर तिने गोळी सकाळी घाईघाईत पाण्याबरोबर गिळायला लावली असती आणि पोर ठणठणीत राहिली असती. तू फार जपलंस म्हणून हे झालं."

"हे सांत्वन आहे का?" ती रडता रडता म्हणाली.

"जमेल तेवढं."

नेरेइदाने आईच्या डोक्यावर हात ठेवला. "मामी, मला ते सरबत आवडायचं," ती म्हणाली. यावर प्रोवी आणखीच रडली आणि मग हसली.

डॉक्टर ताटली हातात धरून अवघडून उभे होते. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती कुठून सुरू करायची ते कळत नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नव्हतात. मी सगळ्यांसमोर बोललो. तेही सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं." आणि खरंच बाहेर बाकापाशी जाऊन त्यांनी ते परत घेतलं. एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

पण गाडी अजून उभी होती.

"पाण्यातून दिली तर पुन्हा जुलाब लागतील," प्रोवी डोळे पुसत म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं, हिशेब होता. "आणि तू म्हणतेस आंबट नको. मग पोटातल्या आंबटाचं काय? ते तर असतंच."

डॉक्टर चमकले. प्रश्न अगदी बरोबर होता. पोटातलं आम्लही थोड्या गोळीचा निकाल लावतंच. म्हणून ती उपाशीपोटी द्यायची आणि मुळातच थोडी जास्त द्यायची.

"जवाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाल," मी म्हणाले. "पोटातला आंबटपणा तेवढा वेळ दबतो."

"सोडा थंडच असतो," प्रोवी म्हणाली. "जवही थंड. पण दवात ठेवल्याशिवाय मी देणार नाही."

"ठेव ना! जवाचं पाणी ठेव दवात, हवं तितकं ठेव. गोळी मात्र घरात, कोरडी. सकाळी ग्लास तिच्या ओठाशी नेताना त्यात टाकायची, ढवळायची आणि लगेच प्यायची. दव पाण्याला, गोळी पोरीला."

प्रोवीने विचार केला. मी तिच्याकडे बघत होते, डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आणि गाडीवाला घड्याळाकडे. शेवटी ती म्हणाली, "होईल." तो शब्द मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टरांनी दहा दिवसांची मुदत दिली, मोठी मात्रा दिली, आणि दर दोन दिवसांनी घसा दाखवायची अट घातली. पहिला ग्लास तिथेच दिला. जव मी घरून उकळून आणले होते, पण दव त्यांना लागलं नव्हतं. त्यावर प्रोवीने एवढंच म्हटलं की एक वेळ चालवून घेऊ. गाडी रिकामी परत गेली. चौथ्या दिवशी नेरेइदा भात गिळू लागली. जुलाब लागले नाहीत. का लागले नाहीत? जवाने, सोड्याने, की आईचं मन शांत झालं म्हणून, मला माहीत नाही, आणि मी शिकलेली असले तरी सगळंच माहीत असायला हवं असं नाही. दहाव्या दिवशी डॉक्टरांच्या ताटलीवर काही उगवलं नाही.

मग वाट बघायची. सांध्याचा ताप उशिरा येतो. प्रोवी रोज सकाळी पोरीचे गुडघे दाबून बघायची, मी येता-जाता बघायचे, फिदेन्सिओ आम्हा दोघींची नजर चुकवून बघायचा. पोर वैतागली होती. गुडघे काही सुजले नाहीत.

डॉक्टरांनी मात्र तेव्हापासून प्रत्येक आईला विचारायला सुरुवात केली. गोळी सरबतातून देता का? माझ्या दुकानात येऊन मला सांगायचे, "सगळ्या म्हणतात, नाही डॉक्टर, पाण्यातून. फक्त दोन्या प्रोविदेन्सियाच तशी करत होती." पण घसे धरत होतेच. बाकावरची पोरं त्याच त्या तक्रारी घेऊन परत येत होती आणि डॉक्टर डोकं खाजवत होते.

सहा महिन्यांनी नेरेइदाची छाती तपासायची होती. मीही गेले. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं, श्वास रोखायला लावून ऐकलं. आम्हा दोघींनीही श्वास रोखला होता, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग त्यांनी नळी काढली.

"ओरखडा वाढलेला नाही. मला तर वाटतं, पुसट होत चाललाय. गोळ्या चालूच ठेवायच्या, अशाच. आणि हिला आता पळू द्या."

वर्ष-दीड वर्ष त्या पोरीला पळायची बंदी होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खरंच पळू?" तिने विचारलं.

प्रोवी बाहेर आली तेव्हा पडवीतला बाक गच्च भरला होता. आया, पोरं, प्रत्येकीच्या हातात तीच बाटली. प्रोवी त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आनंदाची बातमी सांगेल. ती म्हणाली, "मी माझ्या पोरीला वर्षभर गोळी चिंचेतून दिली. रात्रभर दवात ठेवून. गोळी त्यात मरत होती आणि मला कळलं नाही. पोर जायची वेळ आली होती. आता सांगा, तुमच्यातलं कोण कोण देतं?"

टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीने हात वर केला. "मी आंबट संत्र्यातून देते नातवाला," ती म्हणाली. "उष्ण पडते नाहीतर." तिच्या शेजारणीने हात वर केला. मग तिसरीने. मग हात एकामागून एक वर होत गेले, आणि शेवटी बाकावर एकही हात खाली राहिला नाही.

डॉक्टर दारात उभे होते. "पण मी विचारलं होतं तुम्हाला!" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता बावचळलेपणा होता. "मी प्रत्येकीला विचारलं होतं!"

"विचारलंत डॉक्टर," म्हातारी म्हणाली. "पण तुम्ही कधी दिलीये का?"

प्रोवीने बायांना सरकायला लावलं आणि मधोमध जाऊन बसली. "बरं, ऐका. जव आधी निवडून घ्यायचे, खडे असतात..." डॉक्टर घटकाभर घुटमळले, मग आतून एक स्टूल आणून तेही ऐकायला बसले.

अंगणात नेरेइदा पळत सुटली होती. फाटकापर्यंत, तिथून परत, पुन्हा फाटकापर्यंत, चपला हातात घेऊन, हसत, धापा टाकत. प्रोवी सोडा किती घालायचा ते सांगत होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.